पिवळे शॉकअप

सुमेधाच्या गाडीचे चारही शॉकअप काळे आहेत. पिवळा रंग आम्ही दिला आहे. हे आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ती गेल्यावर ते एकट्या माझ्याकडे राहिलं.

गाडी छोटीच, पण टर्बो इंजिनची. निवृत्त झाल्यावर तिने हौसेने घेतली. मी म्हणालो, या वयात रेसची गाडी? ती म्हणाली, "या वयात नाही तर कधी? तुम्ही शेजारी बसा आणि डोळे मिटा."

ही गाडी बाजारात आली तेव्हा खड्ड्यांचे धक्के झेलणारे तिचे शॉकअप पिवळे होते, परदेशातून आणलेले, कडक. काही महिन्यांनी कंपनीने गुपचूप काळे बसवायला सुरुवात केली. गाडी तीच, नाव तेच. ज्यांनी पिवळे बघून बुकिंग केलं त्यांच्या हातात काळे आले. या गाडीवाल्यांचा एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी नेरूळ जेट्टीजवळ चहाला जमतात. तिथे दोन तट पडले. काळेवाले कंपनीला शिव्या घालायचे, पिवळेवाले खड्ड्यांना.

सुमेधा पिवळी, पण काळेवाल्यांच्या बाजूने तीच जास्त भांडली. कंपनीला मेल लिहिले, कंपनीच्या माणसाला फोनवर झापलं. अरमान तेव्हापासून तिचा भक्त. पनवेलला त्याचं टाइल्सचं दुकान आहे. त्याला काळे मिळाले होते. दर रविवारी तो तिच्या गाडीच्या चाकामागे वाकून बघायचा, शेजाऱ्याचं बाळ बघावं तसा.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्या पिवळ्यांतून तेल गळायला लागलं. खांदेश्वरच्या वर्कशॉपमध्ये सांगितलं, पिवळे येणं बंद झालंय. वॉरंटीत चारही काळे बसवून दिले. ती गाल फुगवून गाडीत बसली. दोन स्पीडब्रेकर गेले, तिसरा गेला. मग म्हणाली, "अहो, हे बरे आहेत की! कंबरेला कळलंच नाही." आणि लगेच, "कुणाला बोलायचं नाही हं."

पुढच्या रविवारी ग्रुपमधल्या अंकुशने तिच्या गाडीतून चक्कर मारली. बोटीवर नोकरी केलेला माणूस, आवाज भोंग्यासारखा. उतरून म्हणाला, "मॅडम, पिवळा तो पिवळा! रस्ता हाताला लागतो!" सुमेधाने माझ्याकडे बघितलं. माझा चहा नाकात गेला.

त्या आठवड्यात ती ऑइलपेंटचा डबा घेऊन आली. दुपारी सोसायटी जेवून झोपली असताना आम्ही पार्किंगमध्ये एकेक चाक काढलं. मी टॉर्च धरला, तिने ब्रश. वॉचमन शिवाने विचारलं, "मॅडम, काय करताय?"

"गंज लागू नये म्हणून," ती म्हणाली.

उरलेला रंग बाल्कनीतल्या कुंड्यांना लागला. ग्रुपमध्ये कुणी "पिवळा तो पिवळा" म्हणालं की घरी येईपर्यंत आम्ही हसायचो.

ती गेली चैत्रात. मला गाडी फारशी चालवता येत नाही. अधूनमधून खाली जाऊन इंजिन चालू करायचो आणि तिच्या सीटवर बसायचो. ती बुटकी, सीट पुढे ओढलेली. माझे गुडघे डॅशबोर्डला लागायचे.

मग अरमान आला. म्हणाला, "काका, गाडी मला द्या. जपीन मी. सगळ्यांचे पिवळे गळाले, बदलले. काकूंची एकटीच राहिली."

मलाही ती त्यालाच द्यायची होती. पण पिवळ्यासाठी नेणार आणि पहिल्या सर्व्हिसिंगला काळे निघणार. तेव्हा कुणाकडून तरी कळण्यापेक्षा आत्ता माझ्याकडून कळलेलं बरं. मी सगळं सांगितलं, कंबरेपासून कुंड्यांपर्यंत.

"काका, मजाक करताय ना?"

तो खाली गेला, चाकामागे मोबाईलचा टॉर्च मारून त्याने नखाने खरवडलं. वर आला तेव्हा बोटाला पिवळा पोपडा होता.

"मी ग्रुपवर किती भांडलोय माहितीये? काकूंच्या गाडीत बसून या, मग बोला, असं लिहायचो. त्या हसायच्या माझ्यावर?"

"हसायची. पण तुझ्यावर नाही रे. स्वतःवर. आणि अंकुशवर."

तो हसला नाही. चहा तसाच ठेवून गेला. गाडीचं काही नाही, ती खाली उभी राहिली असती. पण सुमेधाला जीव लावणारी माणसं मोजकी, त्यातल्या एकाला ती खोटारडी वाटायला नको होती. आणि ते मीच करून बसलो होतो.

रविवारी सकाळी बेल वाजली. अरमान दारात.

"चला काका, जेट्टीवर. चावी द्या."

गाडीत बसताना तो थांबला. "सीट मागे घेऊ?"

"घे," मी म्हणालो. घ्यायलाच हवी होती.

जेट्टीवर अंकुशने गाडी बघितली आणि लगेच एक चक्कर मारली. "बघा! हा कडकपणा काळ्याला सात जन्मात येणार नाही. काय अरमान? सांग तुझ्या काळ्याला!"

सगळे अरमानकडे बघायला लागले. अरमानने माझ्याकडे बघितलं. माझा ग्लास हातातच राहिला.

"अंकुशदादा," तो म्हणाला, "काकूंची गाडी आहे ती. तिची गोष्टच वेगळी."

एवढं बोलून तो खाडीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. जवळ गेलो तर चहा त्याच्याही नाकात गेला होता.

परत येताना म्हणाला, "काका, तो रंगाचा डबा आहे अजून? मागच्या डाव्याचे पोपडे निघालेत. अंकुशदादा कधीतरी वाकून बघेल."

"डबा वाळला केव्हाच."

"नवीन घेऊ. पण शेड तीच पाहिजे."

मी वर जाऊन ओव्याची पिवळी कुंडी उचलून आणली. ती मांडीवर घेऊन शेजारी बसलो आणि आम्ही रंगाच्या दुकानाकडे निघालो. वाटेत स्पीडब्रेकर आला. कुंडीतली थोडी माती पँटवर सांडली.

"कंबर?" अरमानने विचारलं.

"कळलंच नाही," मी म्हणालो.