कोपऱ्यावरचा करंज

मित्रांनो, मी जे. पी. नगरातल्या एका कोपऱ्यावरचा जुना करंज आहे. इथले लोक मला कन्नडमध्ये होंगे म्हणतात. वासुदेवमास्तरांनी बंगला बांधला, तेव्हा फाटकाशेजारी मला लावलं. त्याला आता चाळीस वर्षं झाली. दुपारी ऑटोवाले माझ्या सावलीत डबा खात. माझ्या फुलांचा सडा पडला की मास्तर तो दोन दिवस कुणाला झाडू देत नसत.

मास्तर गेले. मुलांनी जागा विकली. बंगला पाडला आणि तिथं सात मजली इमारतीचं काम सुरू झालं. बांधकामावरची झाडं राखण्याची जबाबदारी बिल्डरनं नेमलेल्या शिवलीलाअक्कांकडे होती. त्या मूळच्या निपाणीच्या. त्यांनी माझ्या बुंध्यावर पांढऱ्या रंगानं नोंदीचा चौदा हा आकडा लिहिला आणि फांद्यांच्या घेराएवढं पत्र्याचं कुंपण घातलं. मंजूर नकाशात मी राखायचं झाड होतो. मला वाटलं, आता भीती नाही.

पण एका सकाळी कुंपण आत सरकवलेलं होतं. तळघरात गाड्या उतरवायचा रस्ता माझ्या अगदी जवळून जाणार होता. जेसीबीनं पहिला चर काढला आणि माझं एक जाड मूळ तुटलं. मला ओरडता येत नाही. मी फक्त थरथरलो. दुसरा चर पुढेच आखलेला होता.

तेवढ्यात अक्का आल्या.

"चंद्रकांत सर, मशीन स्वल्प थांबवा," त्या म्हणाल्या.

चंद्रकांत हे साइटचे इंजिनियर, पुण्याहून आलेले. ते शांतपणे म्हणाले, "अक्का, उशीर झालाय. हे एक झाड गेलं तर बदल्यात दहा रोपं लावू. हे झाड राखता येत नाही, एवढ्यावर तुम्ही फक्त सही करा."

"रोपं लावूच की. पण ह्याला राखतो म्हणून मी लिहून दिलंय. खोटी सही मला जमायची नाही."

"मग कदाचित तुमच्या जागी दुसरं कुणी येईल."

"सरी, ठीक आहे. पण आधी हे बघा."

अक्का खाली बसल्या. आखलेल्या रेघेवरची माती त्यांनी खुरप्यानं हलकेच उकरली. वीतभर खाली माझं दुसरं मूळ दिसलं, त्यांच्या मनगटाएवढं. चंद्रकांत उकिडवे बसले आणि त्यांनी मुळापासून बुंध्यापर्यंतचं अंतर हातानं मोजलं. मग त्यांनी मशीन बंद करायला सांगितलं आणि आर्किटेक्टला फोन लावला.

दोन दिवस निरोप आला नाही. जेसीबी माझ्यासमोर उभा होता. रस्त्यावर कुठलीही गाडी सुरू झाली, तरी मला वाटे, हाच तो आवाज.

तिसऱ्या दिवशी चंद्रकांतांनी स्वतः फक्कीची रेघ पुसली आणि लांबून वळवून नवी आखली. अक्कांनी माझं तुटलेलं मूळ करवतीनं साफ कापलं, चर मातीनं भरला आणि वर ओलं गोणपाट टाकलं. कुंपण पहिल्या जागी गेलं.

मित्रांनो, मी वाचलो असं सगळे म्हणतात. मला खात्री नाही. रस्त्याकडच्या माझ्या दोन फांद्या सुकत चालल्या आहेत. मूळ तुटलेलं झाड पडायला कधी कधी वर्षंही लागतात. तुमच्या शेजारी बांधकाम असेल आणि झाडाचं कुंपण सरकलेलं दिसलं, तर त्याच दिवशी विचारा. उद्या विचारून मूळ परत जोडता येत नाही.

काल अक्कांनी सुकलेल्या फांदीची साल नखानं खरवडली. खाली बारीक हिरवी रेघ होती.

"अजून जीव आहे," त्या चंद्रकांतांना म्हणाल्या, आणि पाण्याचा पाइप ओढायला गेल्या.