पांढऱ्यात पांढरं

मित्रांनो, मी बायकांच्या छातीचे फोटो काढणारं एक जुनं यंत्र आहे. हल्ली पडेगावच्या रस्त्याला, एका पत्र्याच्या शेडात धूळ खात उभं आहे. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला, नोकरी इथल्या शहरातल्या दवाखान्यात. छातीतली गाठ शोधायची, तर मला दोन पट्ट्यांमध्ये छाती दाबावी लागे. बाया कळवळत, शिव्या देत, आणि मी दाबत राही.

शहर वाढत होतं, नळ कोरडे पडत होते. एका वर्षी दुष्काळ पडला, शिवारात काम उरलं नाही, तेव्हा कुठं खेड्यातल्या बायांना स्वतःच्या दुखण्याकडं बघायला सवड मिळाली. अशीच एकदा पाचोडकडची साळूबाई आली. सोबत नवरा, कडुबा.

डॉक्टर मनस्विनींनी विचारलं, "मावशी, लेकरं किती?"

साळूबाईनं तोंड उघडायच्या आत कडुबा बोलला, "दोन पोरं हायेत. लिवा."

फोटो निघाला तो कापूस फुटलेल्या रानासारखा, पांढराफेक. डॉक्टर हळूच म्हणाल्या, "लेकरं झाली, अंगावर पाजली, की बहुतेक बायांची छाती विरळ होत जाते. तुमची अजून लई दाट आहे. पोरं तुमच्याच पोटची ना?"

साळूबाई मान खाली घालून म्हणाली, "सवतीची. पर आई मलाच म्हंत्यात."

कडुबाचा हात सणकन आला. तिचं तोंड माझ्या लोखंडावर आपटलं, ओठ फुटला. "वांझोटे! मशीननंबी वळखलं तुला! चल घरी!" तो तिला केसांना धरून ओढू लागला.

डॉक्टर मध्ये पडल्या. "सोडा त्यांना! हा काही वांझपणाचा शिक्का नाही. लेकुरवाळीचीही छाती दाट असू शकते. पण दाट छाती फोटोत पांढरी दिसते, आणि गाठही पांढरीच. कापसात पांढरा ससा दडला तर दिसेल का? सोनोग्राफी करायलाच हवी."

"भाकड गाईला दवा कोन पाजतं?" म्हणत त्यानं लाथ घातली.

साळूबाईनं माझी दांडी दोन्ही हातांनी आवळली. तो लाथा घालत राहिला. मी हललं, ती हलली नाही. रक्त थुंकून म्हणाली, "व्हय, भाकड तर भाकड. मला जगायचंय. तू जा."

बाहेर ताटकळलेल्या बायाच आत घुसल्या आणि त्याला दंडाला धरून बाहेर लोटलं. सोनोग्राफीत गाठ सापडली, वाटाण्याएवढी. ऑपरेशन करून वेळेत काढली.

पुढं नवी यंत्रं आली, मला इथं आणून टाकलं. मित्रांनो, दुखवलं मीही, पण ते तिचा जीव राहावा म्हणून. घरातल्या बाईवर हात उचलू नका. तिला तपासायला न्याल तेव्हा तिच्या आधी बोलू नका. तिच्या अंगाची हकिकत तिलाच सांगू द्या.