उलटी लव

शिंपीमास्तरांची बायको कुठलीही अडचण आली की आधी डोळे मिटून हात जोडायची. दूध उतू जात असलं तरी आधी प्रार्थना आणि मग गॅस बंद, असं मास्तर चारचौघांत सांगायचे. ते काही खरं नव्हतं, पण लोक हसायचे आणि मास्तरांना हसवायची हौस होती. त्यांचा स्वतःचा क्रम उलटा. आधी हात चालवायचे, मग डोकं, मग ओळखीपाळखी, आणि अगदीच गळ्याशी आलं तर देव.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता गळ्याशी आलं.

हॉस्पिटलातल्या एका नर्सबाईंनी वारलेल्या आईचा लांब मखमली कोट आणून दिला होता. तो उसवून त्यांच्या मापाचं जाकीट करायचं, मुलीच्या लग्नात घालायला. "आई नाही, निदान तिचं कापड तरी असेल," त्या म्हणाल्या होत्या. मखमलीला एका बाजूला झुकलेली बारीक केसांसारखी लव असते, सगळे तुकडे लवेच्या एकाच दिशेने कापावे लागतात, हे मास्तर नवशिक्यांना कान धरून शिकवायचे. आणि आज फोनवर गप्पा छाटताना त्यांनीच पुढचा उजवा भाग उलटा ठेवून कापला. टाचून पुतळ्यावर चढवलं, तर डावी बाजू उजळ, उजवी काळपट. उरलेल्या कापडात खिसादेखील निघाला नसता.

त्यांनी वाफ देऊन पाहिली, ब्रश फिरवला. बाजारातली तीन दुकानं पालथी घातली, पण तो रंग कुठेच नव्हता. नर्सबाई चारला यायच्या होत्या. परत येताना मास्तरांनी वाक्य तयार केलं: कापडच जुनं होतं, एका बाजूने विटलेलं.

मागच्या खोलीत बायको बटणं लावत बसली होती. त्यांचं तोंड पाहून तिने सगळं विचारून घेतलं.

"आधी त्याला सांगितलंत का?" तिने वर बोट दाखवलं.

"त्याला शिवता येतं का?"

"नाही. ऐकता येतं."

 मास्तर तिच्या शेजारी टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. काय बोलावं सुचेना, म्हणून तयार वाक्यच मनात म्हणाले: कापडच जुनं होतं. म्हणाले आणि कानशिलं तापली. ज्याने कापताना पाहिलं, त्यालाच थाप मारायला निघालो होतो की! इतकी लाज त्यांना आजवर कुणापुढे वाटली नव्हती. मग ते पुटपुटले, "घाई केली. लव पाहिली नाही." उत्तर वगैरे काही आलं नाही. दुकानाचं दार वाजलं.

मास्तरांनी नर्सबाईंना जाकीट दाखवलं आणि चूक आपली आहे, हे एका दमात सांगून टाकलं. बाईंनी त्या काळपट बाजूवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले, आवाज मात्र कोरडा होता. "हे परत मिळायचं नाही, मास्तर."

"नाही मिळायचं, ताई."

बाईंनी जाकिटाची घडी केली, पिशवीत घातली. दारापाशी जाऊन थांबल्या.

"कापड जुनं होतं म्हणाला असतात, तरी मला पटलं असतं. मला काय कळतंय त्यातलं?"

"तेच सांगणार होतो."

"मग?"

मास्तरांनी मान खाली घातली. "आधी दुसरीकडे सांगून पाहिलं, ताई. तिथे खपलं नाही."