बेचाळीसवरून अकरा

साहेब, तुमचे कान शाबूत आहेत, पण उपयोग काय? ऐकायच्या आधीच तुमचा निकाल लागलेला असतो. बहिऱ्या माणसाची निदान कीव तरी करता येते.

मी यशोधरा. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स, शेवटचं वर्ष, संगमनेर, मे १९९६. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला तुम्ही बाहेरून परीक्षक म्हणून आलात, उसाच्या रसाचे दोन ग्लास रिचवलेत आणि वर माझे सहा महिने खाल्लेत.

माझा प्रोजेक्ट म्हणजे एक डबा. एका बाजूनं गिटारची वायर आत, दुसऱ्या बाजूनं ॲम्प्लिफायरला. मधला स्विच पायानं दाबला की गिटारचा आवाज फाटतो. मुद्दाम. तार गळा काढून ओरडायला लागते. याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. माझा मावसभाऊ पंकज आमच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत गिटार वाजवतो. गेल्या वर्षीच्या जयंतीला पुण्याहून आलेल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडं असला जुना जपानी डबा होता, हिरवा, रंग उडालेला. पंकजनं तो ऐकला आणि दोन दिवस धड जेवला नाही. मी मात्र त्या ऑर्केस्ट्रावाल्याची आंघोळ, जेवण आणि झोप होईपर्यंत डब्याचे स्क्रू काढून आतलं सगळं वहीत उतरवून घेतलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता.

आतला आयसी निघाला ४५५८! साहेब, हा आयसी आपल्याकडं गल्लीगल्लीतल्या असेंबल टेपडेकमध्ये बास-ट्रेबलच्या पट्टीवर बसलेला असतो. ज्या आवाजासाठी लोक परदेशातून डबे मागवतात, त्याचं काळीज आमच्या भंगारात पडून होतं. पायाचा स्विच काही मिळेना. मग नाशिक रस्त्यावरच्या गॅरेजातून जुन्या ट्रकचा डिपर आणला, पुढचे दिवे खाली-वर करायला ड्रायव्हर पायानं दाबतो तो. आणि डबा आईचा, जेवणाचा, ॲल्युमिनियमचा.

"त्याला भोकं पाड, अन मी खुरपायला भाकर काय पदरात बांधून नेऊ?" आई म्हणाली. पण दिला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सर्किट आणि डबा रंगनाथकाकांच्या दुकानात दिला, भोकं पाडून बसवायला. तीस वर्षं हा माणूस गावाच्या रेडिओ-टेपमधली खरखर काढतोय. दुकानाचा एक नेम आहे: काढलेला पार्ट कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. उगाच संशय नको. सकाळी डबा तयार होता.

"झकास वाजतोय आता," काका म्हणाले. "जा पोरी, पास व्हशील."

त्या 'आता'वर मी तिथंच थांबायला हवं होतं.

तुमच्यापुढं गिटार लावली, डिपर दाबला. टक्. आवाज जसाच्या तसा. स्वच्छ, दूध पिऊन झोपल्यासारखा. तुम्ही खूश.

"छान. कुठंच डिस्टॉर्शन नाही."

आणि शीटवर लिहिलंत, पन्नासपैकी बेचाळीस. उलटं वाचायला मी शाळेतच शिकले होते.

झाकण उघडलं तर आत पुडी. दोन डायोड, एक रेझिस्टन्स. वर काकांचं अक्षर: 'चुकून लागले होते, काढले.' आवाज फाडणारे नेमके तेवढेच पार्ट माझ्या भल्यासाठी उपटले होते.

गप्प बसले असते तर बेचाळीस माझेच होते. नगरच्या एमआयडीसीत नोकरीची जागा ठरल्यासारखी होती. आईचं खुरपं सुटलं असतं. पण तुम्ही मार्क दिलेत ते मी न बनवलेल्या डब्याला.

"सर, हे चालत नाहीये."

"चालतंय की."

"तेच म्हणते. फाटायला पाहिजे."

"काय फाटायला पाहिजे?"

"आवाज."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी सोल्डरिंग आयर्न तापवलं, पुडीतलं सगळं जागेवर लावलं, डिपर दाबला आणि तार ओढली. काचा थरथरल्या. शिपाई पळत दारात आला. तुम्ही कानावर हात ठेवलेत.

"बिघडवलंस! चांगला डबा बिघडवलास! हे लागतं तरी कुणाला?"

"आमच्या गायन पार्टीला."

"मग पेटी-तबला पुरे की तुम्हाला."

तो 'तुम्हाला' स्वच्छ ऐकू आला, साहेब. त्यात काही डिस्टॉर्शन नव्हतं. बेचाळीसवर काट मारून तुम्ही अकरा लिहिलेत. सर्किटची आकृती तुमच्या कोपराखालीच होती. दोन्ही डायोड त्यात दाखवलेले होते, कशासाठी तेही लिहिलं होतं. तुम्ही कोपर हलवलं नाहीत.

"बेचाळीस घेऊन गप बसाया काय झाल्तं?" आई म्हणाली आणि भाकर पदरात बांधून खुरपायला गेली.

रंगनाथकाकांना सांगितलं तर त्यांचं तोंडच उतरलं. पंकजला दुकानात बसवलं आणि म्हणाले, वाजव. पहिल्याच तारेला त्यांचा हात सवयीनं स्क्रूड्रायव्हरकडं गेला. मग थांबला.

"हळू वाजव बरं. आता जोरात. परत हळू."

बराच वेळ मान खाली घालून ऐकत राहिले.

"हळूला फाटत न्हाई. जोर देईल तेवढंच फाटतंय," काका म्हणाले. "बिघाड असा कुणाच्या बोटाचं ऐकत नसतो. माझं चुकलं, पोरी."

चौथी शिकलेला माणूस. मायेनं चूक केली, एका गाण्याएवढ्या वेळात ओळखली आणि कबूल केली. तुमच्याकडं आकृती होती, पदवी होती, पंखाही तुमच्याच डोक्यावर फिरत होता. तुम्हाला काय अडचण आली?

ऑक्टोबरला मी परत बसतेय. हाच डबा आणणार, सगळे पार्ट जागेवर ठेवून. परीक्षक म्हणून पुन्हा तुम्हीच आलात, तर आधी आकृती वाचणार की आधी कानावर हात ठेवणार? दोन्हीपैकी काय, ते आत्ताच लिहून कळवा.