जर्मनीचं घड्याळ आणि देवरे बाईंची पत्रिका

पत्रिका छापून झाल्या आणि नेमकं त्याच दिवशी जर्मनीने घड्याळ मागे केलं.

इंदिरानगरच्या शाळेत दहावीत असलेल्या तृप्तीने जर्मनी, केनिया आणि नाशिक अशी तीन शाळांची ऑनलाइन परिषद एकटीने जुळवली होती. सप्टेंबरभर ईमेल करकरून सगळ्यांना चालेल अशी वेळ काढली होती, नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारची, आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचची. सहाला लोडशेडिंग सुरू व्हायचं, त्याच्या आत सगळं उरकणार होतं. सटाण्याच्या मामांच्या कांदे साठवायच्या चाळीवर ती इंग्रजीत बोलणार होती. एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप.

आणि आता जर्मनीच्या शाळेतल्या बाई लिहीत होत्या, आमची वेळ तीच, दुपारी दोन, पण हिवाळ्यात आम्ही घड्याळ एक तास मागे करतो, म्हणजे तुमचे साडेसहा. त्याआधी आमची लॅब रिकामी नाही. केनियाची मुलं तर घरी जायची बस सोडून थांबायला तयार झाली होती.

तृप्ती धावत मुख्याध्यापिका देवरे बाईंकडे गेली.

"घड्याळ मागे करतात म्हणजे? कुणाला विचारून?" बाई म्हणाल्या.

"अख्खा देशच करतो बाई."

"मग त्यांना म्हणावं, त्या दिवशी नका करू."

"बाई, साडेसहाला आपल्याकडे लाईट नसते. माझ्या बाबांच्या अंबडच्या कारखान्यात असते, तिकडची वेगळ्या वारी जाते. ऑफिसात नेट आहे, साहेब हो म्हणालेत."

"शाळेचा कार्यक्रम कारखान्यात? नगरसेवक साहेबांना लेथ मशीनवर बसवू का? पत्रिकेवर साडेपाच छापलंय. साडेपाचलाच होणार."

कॉम्प्युटरच्या महेश सरांना ती म्हणाली, ऑफिसचा इन्व्हर्टर तरी लॅबला द्या. सर म्हणाले, "ऑफिसात पाहुण्यांचं चहापाणी आहे गं." तृप्तीला वाटलं, सगळ्या जगाशी जुळवून घेता येतं, पण शाळेच्या गेटच्या आत नाही.

शुक्रवारी साडेपाचला दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं, हार झाले, श्रीफळं झाली. पडद्यावर एक निळा चौकोन तेवढा उजळत होता. नगरसेवकांनी उठून जगाच्या प्रगतीवर बोलायला सुरुवात केली, आणि त्यांचं बोलणं काही संपेना. तृप्तीने मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं. बाबा गेटबाहेर स्कूटर चालू ठेवूनच उभे होते.

"बाईंना सांगितलंस?"

"तीन वेळा सांगितलंय बाबा. चला."

अंबडला कारखान्याच्या साहेबांच्या टेबलाशी ती धापा टाकत बसली. शेजारच्या शेडमध्ये मशीन घरघरत होती, पण पडद्यावर चेहरे आले. स्वेटर घातलेली जर्मन मुलं, आणि केनियाची एक मुलगी, जी हात हलवता हलवता बाकावरून पडायचीच राहिली. तृप्तीने भाषणाचा कागद उघडला, तोच बाबांचा मोबाइल वाजला.

"तृप्ती, कुठे आहेस?" बाईंचा आवाज. मागे खुर्च्या सरकत होत्या. "लाईट गेलीय. पाहुणे विचारतायत, परिषद कधी सुरू होणार?"

"सुरू झालीय बाई."

तृप्तीला फोन बंद करून टाकावासा वाटत होता, मनापासून. मग तिने तो स्पीकरवर टाकला आणि बाबांच्या हातात दिला. "धरा इथे माझ्या तोंडाजवळ. अंधारात बसलेत, ऐकू दे त्यांना."

ती माइककडे वळली, तर फोनमधून बाई कुजबुजल्या, "आधी प्रमुख पाहुण्यांचं नाव घे. मग बाकीचं."

केनियाची मुलगी हनुवटीवर हात ठेवून वाट बघत होती. तिची बस केव्हाच गेली होती.

तृप्तीने श्वास घेतला आणि थेट मामांच्या चाळीतल्या कांद्यापासून सुरुवात केली.