तीन नंबर कोर्टाबाहेरचा बाक

मी बाक बोलतोय. तीन नंबर कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात, भिंतीला पाठ टेकून माझं आयुष्य गेलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माझ्यावर बसून गेलेल्यांत शहाणे काही कमी नव्हते. त्यांच्यावर वेळच तशी आलेली असायची.

माझा जन्म तुरुंगातल्या सुतारकामाच्या शेडमधला. ज्या कैद्यानं मला घडवलं, त्याचा हात फार हलका होता. माझ्या कडा तो घासून घासून गोल करत बसला. मुकादम ओरडला, "अरे, कोर्टात जायचाय तो, राजवाड्यात नाही!" कैदी म्हणाला, "म्हणूनच. तिथं बसणाऱ्याला आधीच काय कमी टोचत असतं?" त्यानं काय गुन्हा केला होता, मला कधीच कळलं नाही. पण माणूस काय करून बसलाय आणि माणूस कसा आहे, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे मला जन्मतःच कळलं.

कोर्टात आलो आणि माणसं बघू लागलो. वकील माझ्यावर बसून साक्षीदाराला पढवायचे, "विचारतील तेवढंच बोला. जास्त शहाणपणा नको." आत शपथ घेऊन माणसं जपून बोलायची. बाहेर माझ्यावर बसली की शपथ नसतानाही पोटातलं ओठावर यायचं. फिर्यादी आणि आरोपी दोघांना बसायला मीच एकटा. मग ते दोन टोकांना बसायचे, आणि मधली जागा रिकामी राहायची. गर्दीच्या दिवशीही तिथं कोणी बसायचं नाही.

अशाच दोन टोकांची ही गोष्ट.

एका चार मजली इमारतीतली लिफ्ट कोसळली होती. आत एकच मुलगी होती. चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे ती मदतनीस होती. ती जागीच गेली. आरोपी म्हणून उभा होता लिफ्टची देखभाल करणारा मेकॅनिक.

पहिल्या तारखेला मेकॅनिकची बायको माझ्यावर बसली होती. लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची, हातावर भाजल्याचे डाग होते. समोर एक म्हातारे गृहस्थ ताटकळत उभे होते. तिला राहवलं नाही. "काका, उभे किती वेळ राहाल? बसा ना."

तेवढ्यात शिपायानं पुकारा केला, आणि मेकॅनिक आणि ते काका एकाच वेळी दाराकडे वळले. मेलेल्या मुलीचे वडील ते हेच, हे तिला तेव्हा कळलं. तिचा हात माझ्या कडेवर घट्ट आवळला गेला.

काका फोटोंना फ्रेम करून द्यायचे. गावभरच्या गेलेल्या माणसांना त्यांनी काचेत बसवलं होतं. मुलीचा फोटो मात्र दुकानातल्या खणात तसाच पडून होता. "हात धजत नाही," असं ते एकदा आपल्या वकिलांना सांगत होते. घरी आता दुसरं कोणी नव्हतं.

तारखा पडत गेल्या. कधी वकील आजारी, कधी न्यायाधीशांची बदली, कधी साक्षीदाराचा पत्ता नाही. काकांचे गुडघे बोलू लागले, तेव्हा ते माझ्या दुसऱ्या टोकाला बसू लागले. तिच्याकडे बघायचे मात्र नाहीत. एका दुपारी त्यांना खोकल्याची उबळ आली. काही केल्या थांबेना. तिनं पाण्याची बाटली माझ्यावरून हळूच सरकवली. काकांनी बाटलीकडे बराच वेळ बघितलं. मग प्यायले.

पुढच्या तारखेला तिनंच धीर करून विचारलं, "कशी होती हो ती?"

"भांडखोर!" काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडे हसले. "रांगेत कोणी मध्ये घुसलं, की त्याची खैर नाही. लहानपणी वाढदिवसाचा केक कापायचा, तर पट्टी घेऊन बसायची. सगळ्यांना सारखा! स्वतःचा वाढदिवस असला तरी."

त्या दिवशी माझ्या पायाशी कायद्याचा एक विद्यार्थी पाठांतर करत बसला होता. "ज्याचं त्याला देणं म्हणजे न्याय," असं तो डोळे मिटून घोकत होता. काका ऐकत होते. वाक्य छान होतं. पण ते हळूच म्हणाले, "आणि माझं मला कोण देणार, बाळा?" विद्यार्थ्यानं डोळे उघडले, गोंधळला, आणि उठून दुसरीकडे गेला.

मेकॅनिक इतके दिवस लांब खांबाआड उभा राहायचा. एकदा तो आला आणि त्या मधल्या रिकाम्या जागेत बसला.

"काका, लिफ्ट मी बंद ठेवली होती. ब्रेक धरत नव्हता. दाराला पाटीही लावली होती. इमारतीच्या मालकांचा फोन आला. नवे भाडेकरू जागा बघायला येणार, पाटी काढ, दुपारपर्यंत चालू दे. मी म्हणालो, धोका आहे. ते म्हणाले, तुला जमत नसेल तर दुसरा बघतो."

"मग?"

"मग पाटी मी काढली. माझ्या हातानं."

काकांचा श्वास मला माझ्या फळ्यांत जाणवत होता. "हे आत का सांगत नाहीस?"

"वकील म्हणतात, कबूल केलंस की मेलास. पुरावा तसा कच्चा आहे, गप्प राहिलास तर सुटशील."

"आणि तो मालक?"

"तो तर आरोपीच नाही."

काका त्याच्याकडे वळले. "हे बघ, माझी मुलगी गेली. ती कशी गेली, ते सगळं एकदा त्या खोलीत बोललं जाऊ दे. तुझंही आणि त्याचंही. खरं सांग. मी हात जोडतो."

बायको त्याची बाही ओढत राहिली. "ऐकू नका. वकिलांचं ऐका." पण पुकारा झाल्यावर तो आत गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

त्याचं काय झालं, ते सांगताना माझं लाकूडही जड होतं. त्याच्याच शब्दांवर तो दोषी ठरला. मालकानं साक्षीत सांगितलं, मी असा फोन केलाच नाही. ऐकणारा तिसरा कोणी नव्हता. उघड्या दारातून मला ऐकू आलं, काका आत उभे राहून म्हणाले, "साहेब, हा एकटा दोषी नाही." न्यायाधीश भले होते. ते म्हणाले, "तुमचं दुःख मला कळतं. पण माझ्यासमोर जो उभा आहे, त्याचाच निकाल मी देऊ शकतो."

मेकॅनिकला बेड्या घालून माझ्यासमोरून नेलं. त्याची बायको काकांसमोर येऊन उभी राहिली. "तुमच्या शब्दाखातर बोलला तो. झालं समाधान?"

नंतर काकांनी मालकावर खटला चालावा म्हणून खटपट सुरू केली. हे दार, ते दार, वरचं कोर्ट, पुन्हा खालचं. मेकॅनिक शिक्षा भोगून सुटलासुद्धा. मालकाचं प्रकरण एकदाचं उभं राहिलं, तेव्हा काकांच्या हातात काठी आली होती. त्या दिवशी साक्ष द्यायला मेकॅनिकही येणार होता. पण तो नव्या कामावर अडकला, म्हणून निरोप घेऊन बायको आली.

निरोपाची गरजच पडली नाही. कारकुनानं दारात येऊन सांगितलं, "आरोपी मयत. परवाच गेले, झोपेत. प्रकरण बंद."

काका माझ्यावर बसले. ती आधी टोकाला बसली. मग सरकत सरकत त्यांच्या शेजारी आली.

"पोरी," काका म्हणाले, "मी त्याला खरं बोलायला लावलं. माझं चुकलं का?"

ती बराच वेळ हातावरचे डाग चोळत राहिली. "चुकलं नाही, काका. पण बरंही झालं नाही."

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, आता झोप लागते. मला नाही लागत."

मग दोघं उठली. जिना उतरताना तिनं त्यांचा कोपर धरला होता. त्यानंतर काका कधी आले नाहीत. कशाला येतील?

आता कोर्टाची नवी इमारत झाली आहे. तिथं जमिनीला ठोकलेल्या लोखंडी खुर्च्या आहेत, आणि दर दोन खुर्च्यांमध्ये एक दांडा. माझा एक पाय निखळला, म्हणून मला मागच्या अंगणात मोडक्या पंख्यांबरोबर टाकलंय. लवकरच भंगारवाला येईल. मला त्याचं वाईट वाटत नाही. न्याय म्हणजे काय, हे मला अजून सांगता येणार नाही. मी दाराबाहेरचा, आतलं सगळं मला कुठं कळणार? पण एक मागणं आहे. जिथं माणसं निकालाची वाट बघत बसतात, तिथं एक तरी लांब, साधा, दांडे नसलेला बाक राहू द्या. एखाद्याला सरकून शेजारी यावंसं वाटलं, तर त्याला येता आलं पाहिजे.