फ्रिजवरच्या कागदाची शेवटची ओळ

लॅबमध्ये तिला धाकटी म्हणत, कारण तिच्याआधी त्याच टेबलावर चार वर्षं थोरली बसायची. दोघींचं काम एकच: झिंक फिंगर प्रोटीन डीएनएला धरतं हे दाखवणं. या प्रोटीनला बोटांसारख्या घड्या असतात आणि प्रत्येक घडी जस्ताच्या एका अणूवर टिकते. ही बोटं जनुकाच्या तोंडाशी डीएनए धरून बसली की जनुकाची नक्कल निघणं बंद, असं सरांचं म्हणणं होतं. प्रोटीनचं म्हणणं वेगळं होतं.

थोरलीने पुष्कळ डोकेफोड केली, शेवटी 'हे काही धरत नाही' असं लिहून दिलं आणि गाशा गुंडाळला. आता ती शाळेत विज्ञान शिकवायची. धाकटीलाही सरांनी शुक्रवारची मुदत दिली होती. प्रोटीनने धरून ठेवल्यामुळे डीएनएची पट्टी जेलमध्ये वर अडकली तर ठीक, नाहीतर तिनेही शाळा बघावी.

गुरुवारी तिने फ्रिजवर चिकटवलेली, प्रोटीन ज्यात ठेवत त्या द्रावणाची कृती, पाठ असूनही, नीट वाचली. वरच्या सगळ्या ओळी सरांच्या. शेवटची थोरलीच्या गोल अक्षरात: ईडीटीए घालणे. डीएनए कुरतडणाऱ्या एन्झाइमांना धातू लागतो आणि ईडीटीए धातू उचलून नेतं, म्हणून ही काळजी. फक्त जस्त हाही धातूच. थोरलीची चार आणि धाकटीची तीन, अशी सात वर्षं दोघी सकाळी प्रोटीनची बोटं मोडत होत्या आणि दुपारी ते धरत नाही म्हणून त्याच्यावर डाफरत होत्या.

तिने ईडीटीए वगळून प्रयोग लावला. संध्याकाळी पट्टी वर अडकली होती, ठसठशीत. सरांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि "हं" म्हणाले. सरांकडून हा सत्कारच होता.

तिने थोरलीला फोन लावला.

"ताई, धरलं."

पलीकडे वह्या तपासल्याचा आवाज थांबला.

"काय चुकत होतं गं?"

"पाणी," धाकटी म्हणाली. तिला खोटं बोलायचा सराव नव्हता. "आपलं पाणी खराब होतं."

"पाणी मी रोज स्वतः गाळायचे," थोरली म्हणाली. "ईडीटीए काढलंस ना?"

धाकटीने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"माझीच ओळ ती. पहिल्या आठवड्यात लिहिली होती, काही बिघडू नये म्हणून." पलीकडे वह्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. "खोडलीस ना?"

"खोडली," धाकटी म्हणाली. ती पेन घेऊन कधीची फ्रिजसमोर उभी होती.